१५० मिमीचा डायफ्रॅम डेल्यूज व्हॉल्व्ह: ट्रिमसकट परीक्षण

डेल्यूज व्हॉल्व्हची, म्हणजे आग लागली की एका झोनवर एकदम पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हची, तीन कोटेशनं शेजारी ठेवली की कोणतं स्वस्त ते लगेच दिसतं. ते का स्वस्त आहे हे मात्र साइज, प्रेशर रेटिंग, यूएल (अमेरिकी चाचणी संस्थेचं प्रमाणपत्र) आणि रक्कम एवढ्या चार रकान्यांत सापडत नाही. ते ट्रिममध्ये असतं, म्हणजे व्हॉल्व्हच्या अंगावर बसवलेल्या अर्धा-पाऊण इंची पाइपांच्या, गेजच्या आणि छोट्या व्हॉल्व्हच्या जाळ्यात. चांगल्या कारखान्यातली बॉडी सहसा दगा देत नाही. दगा देतं ते हे जाळं. म्हणून इथे बॉडीबद्दल थोडं आणि ट्रिमबद्दल जास्त लिहिलं आहे.

साध्या स्प्रिंकलरमध्ये प्रत्येक डोक्याला काचेचा बल्ब असतो. जिथे तापतं तिथलाच बल्ब फुटतो आणि तेवढंच डोकं पाणी सोडतं. डेल्यूजमध्ये नोझल उघडीच असतात आणि व्हॉल्व्हच्या पुढचा पाइप कोरडा असतो. व्हॉल्व्ह सुटला की त्या झोनमधली सगळी नोझल एकदम वाहू लागतात. तेलाचा ट्रान्सफॉर्मर, एलपीजीची टाकी, केबल गॅलरी, बेसमेंट पार्किंग विभागणारा ड्रेंचर कर्टन अशा जागी आग एकेका डोक्याला आवरत नाही, तिथे हाच लागतो. मुंबईत माहुल-ट्रॉम्बे पट्ट्यातल्या प्लांटपासून लोअर परळच्या टॉवरच्या बेसमेंटपर्यंत तो दिसतो.

आत काय चालतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे बिघाड यातूनच निघतात. व्हॉल्व्हच्या खालून हायड्रंट लाइनचं पाणी सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकून बंद होतो त्या तोंडावर, दाब देतं. वर रबरी डायफ्रॅम आणि त्याच्या पाठीमागे एक चेंबर. त्याच लाइनमधून एक बारीक पाइप या चेंबरला पाणी पुरवतो, ती प्रायमिंग लाइन. दोन्हीकडे दाब सारखाच, समजा ७ किलो (दर चौरस सेंटीमीटरला). पण चेंबरच्या बाजूने डायफ्रॅमचं क्षेत्रफळ सीटपेक्षा जास्त असतं. ते दुप्पट धरलं तर खाली दाबणारं बळही दुप्पट, म्हणून व्हॉल्व्ह बंद राहतो. चेंबरमधलं पाणी सोडून दिलं आणि तिथला दाब लाइनच्या साधारण निम्म्याखाली आला की खालचं पाणी डायफ्रॅमला उचलतं आणि व्हॉल्व्ह उघडतो. स्प्रिंग, मोटर, वीज यातलं काहीच न लागता एवढा मोठा व्हॉल्व्ह सुटतो ही या रचनेची खरी ताकद.

आता प्रायमिंग लाइनमधलं छिद्र. तिथे साधारण ३ मिमीचा ऑरिफिस असतो आणि चेंबर रिकामं करणारी रिलीज लाइन १५ मिमीची. क्षेत्रफळाचा हिशेब केला तर २५ पट फरक. म्हणून रिलीज उघडल्यावर जेवढं पाणी बाहेर जातं तेवढं ऑरिफिसमधून आत येऊच शकत नाही आणि चेंबर पडतं. कुणी ‘चेंबर लवकर भरत नाही’ म्हणून हा ऑरिफिस ड्रिलने मोठा केला, किंवा तो काढून साधं निपल लावलं, तर गेज छान दिसतात, रीसेट झटपट होतो आणि आगीच्या वेळी व्हॉल्व्ह अर्धवट उघडतो किंवा उघडतच नाही. साइटवर ट्रिम नव्याने जोडली असेल तर सगळ्यात आधी ऑरिफिस जागेवर आहे ना ते बघा. माल घेताना युनियन (पाइपचा खोलता येणारा सांधा) खोलून तो डोळ्यांनी पाहा, नुसत्या ड्रॉइंगवर समाधान मानू नका.

ट्रिममध्ये काय मागायचं ते सांगतो. प्रायमिंग लाइनवर क्रमाने बॉल व्हॉल्व्ह, वाय स्ट्रेनर (गाळणी), ऑरिफिस आणि पाणी उलटं जाऊ न देणारा चेक व्हॉल्व्ह. ही लाइन मुख्य आयसोलेशन व्हॉल्व्हच्या आधीपासून घेतलेली हवी. नाहीतर मुख्य व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय चेंबर भरत नाही, आणि चेंबर रिकामं असताना मुख्य व्हॉल्व्ह उघडला की डेल्यूज सुटतो. दोन गेज: एक लाइनचा, एक चेंबरचा. एकाच गेजवर भागवणारी ट्रिम परत पाठवा, कारण दोन आकडे शेजारी दिसल्याशिवाय काहीच निदान होत नाही. काचेआडच्या लाल बॉक्समध्ये हाताने सोडायचा बॉल व्हॉल्व्ह. मेन ड्रेन. ऑटो ड्रिप, म्हणजे सीटमधून झिरपलेलं थेंबथेंब पाणी बाहेर टाकणारा आणि पूर्ण दाब आला की आपोआप बंद होणारा छोटा व्हॉल्व्ह. अलार्म लाइनवर प्रेशर स्विच आणि वॉटर मोटर गाँग (पाण्याच्या जोरावर वाजणारी घंटा), आणि व्हॉल्व्ह न सोडता गाँग वाजवून बघायला अलार्म टेस्ट व्हॉल्व्ह. सगळे ड्रेन एका उघड्या फनेलमध्ये यायला हवेत. ते थेट बंद पाइपात नेले की कोणता व्हॉल्व्ह गळतोय ते कुणालाच कळत नाही. फनेल ही या सगळ्यात स्वस्त वस्तू आणि कोटेशनमधून पहिल्यांदा तीच गळते.

लॅचवाल्या क्लॅपरच्या, म्हणजे बिजागरीवर उघडणाऱ्या झडपेच्या, व्हॉल्व्हशी तुलना केली तर आमचा कौल डायफ्रॅमला आहे, एका अटीवर. क्लॅपर एकदा उघडला की यांत्रिक खटक्यावर अडकून उघडाच राहतो, हा त्याचा मोठा गुण. पण त्यातले काही प्रकार रीसेट करायला पुढचं झाकण खोलावं लागतं. आठ-दहा बोल्ट, गॅस्केट, पुन्हा घट्ट करणं. प्रत्येक ट्रिप टेस्टनंतर (व्हॉल्व्ह मुद्दाम सोडून बघितल्यावर) हे करायचं म्हटलं की साइटवर टेस्टच होत नाही, रजिस्टरमध्ये फक्त सही होते. डायफ्रॅमचा व्हॉल्व्ह बाहेरूनच रीसेट होतो. एनएफपीए २५ या देखभालीच्या अमेरिकी मानकातही हा फरक मानला आहे: झाकण न खोलता रीसेट होणाऱ्या डेल्यूज व्हॉल्व्हची आतली तपासणी ५ वर्षांनी चालते, बाकीच्यांची दरवर्षी करावी लागते.

अट अशी की डायफ्रॅमच्या व्हॉल्व्हला खटका नसतो. सोलेनॉइडने (विजेवर उघडणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हने) चेंबर रिकामं केलं, व्हॉल्व्ह उघडला, आणि मग आगीत केबल जळून सोलेनॉइडची वीज गेली तर सोलेनॉइड बंद होतो, चेंबर पुन्हा भरू लागतं आणि व्हॉल्व्ह आग चालू असतानाच बंद होऊ शकतो. यावर उपाय म्हणजे प्रेशर ऑपरेटेड रिलीफ व्हॉल्व्ह, बाजारात त्याला पीओआरव्ही म्हणतात. डेल्यूज उघडला की पुढच्या पाइपातला दाब या छोट्या व्हॉल्व्हला उघडून धरतो आणि चेंबर सतत रिकामं राहतं. सोलेनॉइडवाल्या सिस्टिममध्ये पीओआरव्ही नसलेली ट्रिम कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. कोटेशनमध्ये तो ‘ऑप्शनल’ म्हणून खाली लिहिलेला असतो, तो वरच्या यादीत आणायला लावा.

व्हॉल्व्ह सोडवायच्या तीन पद्धती आणि प्रत्येकीचा स्वतंत्र त्रास.

वेट पायलटमध्ये चेंबरला जोडलेली पाण्याने भरलेली बारीक लाइन ट्रान्सफॉर्मरभोवती फिरवतात आणि तिच्यावर ६८ किंवा ७९ अंशांचे बल्ब असलेले डिटेक्टर बसवतात. बल्ब फुटला की चेंबर तिथूनच रिकामं होतं. साधी, विजेशिवाय चालणारी पद्धत. पण उंचीकडे कुणी बघत नाही. फुटलेला बल्ब व्हॉल्व्हपेक्षा २० मीटर वर असेल तर पाणी तिथून गळून गेल्यावरही त्या उभ्या पाइपातल्या पाण्याचा २ किलो दाब चेंबरवर उरतोच. लाइनला ७ किलो असतील तर उघडायचा उंबरठा साधारण साडेतीन किलो, म्हणजे व्हॉल्व्ह उघडेल. पण लाइनला ४ किलोच असतील तर उंबरठा २ किलोवर येतो आणि व्हॉल्व्ह तिथेच अडकतो. त्यात ऑरिफिसमधून येणारं पाणी भर घालतं ते वेगळंच. प्रत्येक उत्पादक लाइनच्या दाबानुसार पायलटची कमाल उंची देणारा आलेख देतो. तो मागून घ्या आणि त्यात पंपाच्या बोर्डावरचा आकडा नाही, तर व्हॉल्व्हजवळच्या गेजवरचा सर्वात कमी आकडा घाला. वेट पायलटच्या सर्वात उंच टोकाला हवा काढायचा व्हेंटही हवा. तिथे हवा अडकली की आधी ती पसरत राहते आणि दाब उतरायला उशीर होतो.

ड्राय पायलटमध्ये त्याच लाइनमध्ये पाण्याऐवजी दाबाची हवा भरतात आणि न्यूमॅटिक अॅक्चुएटर चेंबरला धरून ठेवतो. उंचीचा प्रश्न सुटतो, हवा राखायचा सुरू होतो. मुंबईच्या दमटपणात पायलट पाइपात पाणी साचतं, म्हणून उतार आणि खालच्या टोकाला ड्रेन हवाच. कॉम्प्रेसरची हवा कमी झाल्याचा अलार्म व्हॉल्व्ह सुटण्याच्या बराच आधी वाजेल असा सेट करा.

तिसरी पद्धत सोलेनॉइडची. डिटेक्टर पॅनेलला कळवतात आणि पॅनेल २४ व्होल्टचा सोलेनॉइड उघडतो. इथे बहुतेक दोष व्हॉल्व्हचा नसून केबलचा असतो, म्हणून आकड्यांत सांगतो. १० वॅटच्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ५८ ओहम. पॅनेलपासून अंतर २५० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ५०० मीटर तांब्याची तार. १.५ स्क्वेअर एमएमच्या तारेचा रेझिस्टन्स किलोमीटरला १२.१ ओहम, म्हणून तारेत सुमारे ६ ओहम. वीज गेलेली आहे, पॅनेल बॅटरीवर आहे आणि बॅटरी २२ व्होल्टवर उतरली आहे, तर कॉइलला मिळतात जेमतेम १९.९ व्होल्ट. कॉइल उणे १५ टक्क्यांपर्यंत चालणारी असेल तर तिला किमान २०.४ हवेत. टेस्टच्या दिवशी मेन्सवर सगळं सुरळीत उघडतं आणि लोड शेडिंग किंवा आगीच्या वेळी कॉइल नुसती गुणगुणते. हीच केबल २.५ स्क्वेअर एमएम घेतली तर २०.७ व्होल्ट पोचतात. सोलेनॉइडची टेस्ट पॅनेल बॅटरीवर टाकूनच करा, आणि कॉइलच्या टर्मिनलवर मीटर लावून.

आता सर्वात जास्त ऐकू येणारी तक्रार: ‘आग नाही, काही नाही, पंप सुरू केला की डेल्यूज सुटतो.’ कारण ठरलेलं आहे. रात्री जॉकी पंप (लाइनचा दाब राखणारा छोटा पंप) बंद राहिला, लाइनचा दाब उतरला, आणि प्रायमिंगचा चेक व्हॉल्व्ह कचऱ्यामुळे नीट बसत नसल्याने चेंबरमधलं पाणीही उलटं लाइनमध्ये निघून गेलं. सकाळी मेन पंप सुरू झाला. सीटखाली दाब लगेच पोचला, चेंबरला मात्र ३ मिमीच्या छिद्रातून यायला वेळ लागला. त्या मधल्या वेळात डायफ्रॅम उचलला गेला आणि चालू ट्रान्सफॉर्मरवर पाऊस. व्हॉल्व्ह बदलून काही होत नाही, चेक व्हॉल्व्ह साफ करावा लागतो.

निदान करायची रीत अशी. मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, म्हणजे चुकून काही सुटणार नाही. चेंबर भरलेलं असताना प्रायमिंगचा बॉल व्हॉल्व्ह बंद करा आणि चेंबरच्या गेजवर नजर ठेवा. काटा उतरतोय आणि फनेलमध्ये थेंब पडतायत, तर सोलेनॉइड, मॅन्युअल रिलीज किंवा पीओआरव्ही यांपैकी कुणीतरी गळतंय. त्यांचे पाइप फनेलमध्ये वेगवेगळे सोडलेले असले तर बोट ठेवून दाखवता येतं. काटा उतरतोय पण फनेल कोरडं, तर पायलट लाइनच्या सांध्यांवर हात फिरवून बघा किंवा डायफ्रॅमचाच संशय घ्या. काटा हलतच नाही, तर बॉल व्हॉल्व्ह पुन्हा उघडा आणि लाइनचा दाब मुद्दाम उतरवा. लाइनबरोबर चेंबरचाही काटा खाली आला की चेक व्हॉल्व्ह पकडला गेला. चेंबर पक्कं आहे आणि मुख्य व्हॉल्व्ह उघडा असताना ऑटो ड्रिपमधून सतत पाणी येतंय, तर सीटवर वाळूचा कण, वेल्डिंगचा खडा असं काहीतरी अडकलं आहे. एकदा पूर्ण प्रवाहाने फ्लश करून बघा, नाही थांबलं तर झाकण खोला.

ऑरिफिस आणि स्ट्रेनर तुंबवणारा सर्वात नेहमीचा कचरा म्हणजे टेफ्लॉन टेपचे तुकडे. निपलच्या टोकापर्यंत टेप गुंडाळली की पाना फिरवताना तिचा धागा कापला जाऊन आत जातो. पहिले दोन आटे मोकळे सोडून टेप लावायची एवढी साधी शिस्त फिटरला सांगा.

रीसेटचा क्रम चुकला की लगेच पुन्हा ट्रिप होते. आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद. मेन ड्रेन उघडून पुढचा पाइप पूर्ण रिकामा होऊ द्या, नाहीतर पीओआरव्ही उघडाच राहील आणि चेंबर भरणार नाही. पॅनेल रीसेट करा, मॅन्युअल रिलीज बंद करा, बल्ब फुटला असेल तर बदला. मग प्रायमिंग उघडा आणि चेंबरचा गेज लाइनच्या आकड्याला येईपर्यंत थांबा. ड्रेन बंद करा. ऑटो ड्रिपची दांडी दाबून बघा, पाणी येत नसेल तरच मुख्य व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडा, पुन्हा ड्रिप बघा, आणि मग हळूहळू पूर्ण उघडून साखळी-कुलूप लावा. पुढच्या बाजूचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह टेस्टसाठी बंद केला असेल तर तो उघडायला विसरणं ही या सिस्टिममधली सर्वात घातक चूक. गेज बरोबर, गाँग बरोबर, पॅनेल हिरवं, आणि नोझलला पाणी शून्य. त्या व्हॉल्व्हला उघडा की बंद ते कळवणारा लिमिट स्विच बसवून सिग्नल पॅनेलवर घेतलेलाच हवा.

साइजबद्दल थोडक्यात. ट्रान्सफॉर्मरला भारतात पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला मिनिटाला १०.२ लिटर धरतात. रेडिएटर, कन्झर्वेटर टाकीसकट पृष्ठभाग १२० चौरस मीटर भरला तर मिनिटाला १,२२४ लिटर. १५० मिमीच्या व्हॉल्व्हमधून हे पाणी सेकंदाला सव्वा मीटरपेक्षाही कमी वेगाने जातं, १०० मिमीतून सुमारे २.६ मीटरने. म्हणजे अशा कामाला १०० मिमीही पुरतो. उरलेले पैसे ट्रिमवर घाला. १५० मिमी घ्यायचा तो मोठ्या ट्रान्सफॉर्मरला किंवा लांब ड्रेंचर लाइनला. व्हॉल्व्हनंतर सर्वात लांबच्या नोझलवर किती दाब उरतो ते मात्र हायड्रॉलिक कॅल्क्युलेशनमध्येच तपासा. हाय व्हेलॉसिटी नोझलला साडेतीन बार आणि मीडियम व्हेलॉसिटीला १.४ बार हवेत.

मुंबईच्या हवेचा हिशेब वेगळा करावा लागतो. खाडीकिनाऱ्याच्या यार्डात जीआयचे (जस्त चढवलेल्या लोखंडाचे) निपल बाहेरून तांबूस होतात, ते दिसतं तरी. आतून सुटणारी पापडी थेट ऑरिफिसकडे जाते. म्हणून ट्रिम पितळी किंवा एसएस ३०४ची मागा, समुद्राजवळ ३१६. कॉइलचं हाऊसिंग आयपी ६५ (धूळ-पाणी आत न जाणारं) आणि केबल ग्लँडचं तोंड खाली, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी तारेवरून आत उतरतं. उघड्यावर असेल तर वर पत्र्याची छोटी शेड, डायफ्रॅमच्या रबराला आणि गेजच्या काचेला उन्हापासून तेवढी पुरते. व्हॉल्व्हपुढचा पाइप आतून-बाहेरून गॅल्व्हनाइज्ड हवा, कारण तो वर्षभर कोरडा पण दमट असतो आणि काळ्या पाइपातला गंज पहिल्या धारेबरोबर नोझलमध्ये जाऊन बसतो. उघड्या नोझलमध्ये कुंभारमाशी मातीचं घर करते. हे खालून दिसत नाही, टॉर्च मारून किंवा पाणी सोडूनच कळतं. पाण्याच्या दाबाने उडणाऱ्या टोप्या मिळतात, त्या बसवा.

देखभालीची सेवा घेताना काय मागायचं? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून द्यावा लागतो. फॉर्मवर ‘चालू आहे’ लिहिण्याआधी एजन्सीने डेल्यूजचं काय केलं ते करारात लिहून घ्या: दर महिन्याला दोन्ही गेजची नोंद आणि अलार्म टेस्ट, दर तीन महिन्यांनी प्रायमिंग स्ट्रेनरची सफाई आणि पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवून सोलेनॉइड व मॅन्युअल रिलीज दोन्हींनी ट्रिप, वर्षातून एकदा शटडाउन घेऊन नोझलमधून प्रत्यक्ष पाणी. ट्रान्सफॉर्मरचा शटडाउन मिळवणं कठीण असतं, म्हणून इलेक्ट्रिकल मेंटेनन्सच्या तारखेलाच ही टेस्ट जोडून टाका. पाणी सोडलं की लांबच्या नोझलवरचा दाब नोंदवा आणि डिटेक्टर तापवल्यापासून पाणी येईपर्यंतचे सेकंदही. मागच्या वर्षीपेक्षा सेकंद वाढले असतील तर रिलीज लाइनमध्ये काहीतरी साठत चाललं आहे.

सुटे भाग हा या खरेदीतला शेवटचा मुद्दा. डायफ्रॅम, सीटचं रबर आणि ओ-रिंगचा किट व्हॉल्व्हबरोबरच घेऊन ठेवा, गडद पिशवीत, पंपरूमच्या उष्णतेपासून लांब. मुंबईच्या नागदेवी बाजारात गेज, बॉल व्हॉल्व्ह, स्ट्रेनर, निपल सगळं मिळतं आणि चांगलं मिळतं. डायफ्रॅम मात्र तिथे नमुना दाखवून कापून घेऊ नका. त्यात नायलॉनचं कापड असतं, जाडी आणि लवचिकता त्या बॉडीसाठी ठरवलेली असते, आणि ती बदलली की वर सांगितलेला निम्म्याचा हिशेबही बदलतो. यूएल २६० किंवा एफएम १०२० या मानकांचं प्रमाणपत्र त्या मॉडेलच्या मूळ भागांसह असतं. जळगावात बनलेला व्हॉल्व्ह घेतलात तर किट येण्यात अडचण नसावी. परदेशी मॉडेल घेत असाल तर किट किती आठवड्यांत येईल ते ऑर्डर देण्याआधी पुरवठादाराकडून लेखी घ्या.